निकालाची घटका

निपाणी हे गाव दोन मैदानांच्या वाटेवर वसलेले आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर कोल्हापूर, दक्षिणेस त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर बेळगाव. एका बाजूस खासबागेची तांबडी माती, दुसऱ्या बाजूस बेळगावचे आखाडे. तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी चहाच्या दुकानात टेकला, की बोलणे भावावरून निघते आणि कुस्तीवर येऊन थांबते. अलीकडे त्यात क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या व्यावसायिक स्पर्धांची भर पडली आहे. त्यामुळे एक जुना वाद नव्या जोमाने रंगतो: कोणत्या खेळाचा शेवट सर्वांत चित्तथरारक? साखळीतले सामने सगळेच खेळतात. परंतु साखळी संपल्यावर जी निर्णायक फेरी सुरू होते, तिच्यात प्रेक्षकाचा श्वास कोणता खेळ अधिक रोखून धरतो?

हा प्रश्न वरवर करमणुकीचा दिसतो. वास्तविक त्याच्या मुळाशी न्यायाचा प्रश्न आहे. वर्षभर जो उत्तम खेळला त्याला विजेता म्हणावयाचे, की ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या घटकेला जो उभा राहिला त्याला? सर्व खेळांची व्यवस्था या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी बसविलेली असते. जो खेळ पहिल्या टोकाकडे झुकतो त्याचा निकाल निर्विवाद असतो, पण बहुधा निरस. जो दुसऱ्या टोकाकडे झुकतो त्यात थरार असतो आणि अन्यायही असतो. या दोहोंची फारकत करणे अद्याप कोणालाही साधलेले नाही.

प्रथम आपल्या मातीतली व्यवस्था पाहू. जत्रेचे कुस्ती-मैदान ज्यांनी लहानपणापासून पाहिले आहे, त्यांना 'बाद फेरी' हा शब्द ठाऊक नसला तरी तिचे मर्म पुरते ठाऊक असते. दुपारी ऊन कलते न कलते तोच पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होतात. मग हळूहळू इनामाची रक्कम चढत जाते, मल्लांचे वजन चढत जाते, हलगीचा ठेका चढत जातो. पहिल्या क्रमांकाची कुस्ती शेवटी, दिवस मावळावयाच्या सुमारास. तिची जाहिरात गावोगावच्या भिंतींवर कित्येक दिवस आधी लागलेली असते आणि त्या जाहिरातीवर एक शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो: 'निकाली'. म्हणजे गुणांचा हिशेब नाही, बरोबरी नाही. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती चालावयाची. चार तास चढत गेलेली उत्कंठा एका जोडीवर आणून ठेवावयाची, ही रचना कोण्या पंडिताने कागदावर आखलेली नाही. ती जत्रेने आपली आपणच घडविली.

या लोकव्यवस्थेला दगडी रूप दिले ते राजर्षी शाहू महाराजांनी. 1902 साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागाराचे अवशेष पाहिले. मधोमध खोलगट रिंगण आणि भोवती चढत गेलेली बैठक, ही कल्पना त्यांच्या मनात घर करून बसली. 1912 साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. हजारो माणसे बसली तरी शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्याला पहिलवानाची पकड स्पष्ट दिसावी, हा त्या बांधणीचा हेतू. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. निकालाचा थरार हा मुख्यतः दिसण्यावर अवलंबून असतो. जे घडले ते सर्वांना एकाच क्षणी दिसले पाहिजे, आणि कळलेही पाहिजे. खासबागेत पाठ टेकली की तीस रांगांपलीकडच्या माणसालाही पंचाची वाट पाहावी लागत नाही. त्याच्या तोंडून हुंकार निघालेला असतो.

मैदानाच्या आरंभीची गाजलेली लढत इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष हा थोर मल्ल गामा याचा धाकटा भाऊ. हे दोघे बंधू त्याआधी दोनच वर्षे लंडन गाजवून आले होते. तेथे 10 सप्टेंबर 1910 रोजी गामाची गाठ पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्को याच्याशी पडली. कुस्तीच्या इतिहासात या लढतीचे नाव मोठे असले तरी ती पाहणाऱ्यांना तिने सुख दिले असेल असे वाटत नाही. गामाचा पहिलाच झपाटा ओळखून झिबिस्को मातीला, म्हणजे तेथल्या गादीला, चिकटला तो चिकटलाच. अडीच तासांहून अधिक वेळ तो पालथा पडून राहिला आणि गामा त्याला उलथविण्याची खटपट करीत राहिला. कुस्ती सुटली नाही. सात दिवसांनी पुन्हा लढावयाचे ठरले. 17 सप्टेंबरला गामा मैदानात उभा होता, झिबिस्को आलाच नाही. 'जॉन बुल' पट्टा गामाला मिळाला, पण निकाल मात्र लागला नव्हता. पट्टा आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गामाला त्या दिवशी जितके कळले असेल तितके क्वचितच कोणाला कळले असेल.

निकाली कुस्तीचे गुणगान करणाऱ्यांनी ही अडीच तासांची कथा विसरू नये. दोन्ही मल्ल सावध असले, एकाने हरावयाचे नाही एवढेच ठरविले, तर निकाली कुस्ती ही जगातली सर्वांत कंटाळवाणी गोष्ट होऊ शकते. जत्रेच्या मैदानात अशा वेळी 'कुस्ती करा' असा ओरडा होतो, पंच घड्याळाकडे पाहू लागतात, आणि अखेर 'निकाली' म्हणून छापलेली कुस्ती गुणांवर सोडवावी लागते. कधी त्याहूनही वाईट घडते. आतून संगनमत झालेली 'नुरा' कुस्ती प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत खेळली जाते, आणि जाणकार धोतराची धूळ झटकून शेवटच्या गाडीच्या आधीच घराकडे वळतो. खेळाच्या शेवटात थरार असावयाचा तर हरण्याची तयारी दोघांनाही असावी लागते.

ती तयारी पैशाने येते की मानाने, हा वादाचा विषय आहे. कोल्हापूर संस्थान 1949 च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि तालमींचा राजाश्रय आटला. मल्लाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, मांस यांचा रोजचा खर्च. तो शेतकरी कुटुंबाला झेपणारा नव्हता. मग तिकिटाची मैदाने आली, पुढे साखर कारखान्यांचे मानधन आले. मल्ल हा त्या अर्थी व्यावसायिक झाला. एक मोठी कुस्ती हरली की पुढच्या हंगामातल्या आमंत्रणांची रक्कम उतरते, वस्ताद तोंडावर काही बोलत नाही, पण तालमीतले वातावरण बदलते. लीगमध्ये हरलेल्या संघाला पुढचा शनिवार असतो. मल्लाला पुढची जत्रा असते, परंतु तेथे तो पूर्वीच्या नावाने जात नाही.

या सीमाभागाने या खेळाला जे सर्वांत मोठे नाव दिले ते श्रीपती खंचनाळे यांचे. निपाणी ज्या चिकोडी तालुक्यात मोडत असे, त्याच तालुक्यातले एकसंबा हे त्यांचे गाव. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि निपाणी, एकसंबा, बेळगाव हा सारा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. मराठी मुलखात त्या दुःखाचे पडसाद उमटले, मोर्चे निघाले, माणसे तुरुंगात गेली. तालमीची वाट मात्र पूर्वीसारखीच राहिली. एकसंब्याचा मुलगा कोल्हापूरच्या तालमीत मेहनत करीत होता. तो कोणत्या राज्याचा, हे विचारण्याचे कोणा वस्तादाच्या मनात आले नाही. 1959 साली दिल्लीत हिंदकेसरी पदासाठी पंजाबच्या बंतासिंगाशी त्यांची लढत झाली, आणि खंचनाळ्यांनी ती जिंकली. महाराष्ट्राने त्यांना आपला पहिला हिंदकेसरी म्हणून डोक्यावर घेतले. कर्नाटकानेही त्यांना परके मानले नाही. पंजाबचा मल्ल आणि दक्षिणेचा मल्ल ही जोड त्या काळी नुसती दोन माणसांची नव्हती. उत्तरेचे दांडगे शरीर आणि कोल्हापुरी डावांची चपळाई यांतले श्रेष्ठ कोणते, हा वाद शाहू महाराजांच्या काळापासून चालत आलेला होता. त्यामुळे दिल्लीच्या निकालाची वाट निपाणीच्या वखारीत ज्या आतुरतेने पाहिली जाई, तितकी आतुरता आज दूरदर्शन संचापुढे बसणाऱ्या प्रेक्षकाच्या वाट्याला येते काय, याची शंका आहे. बातमी येण्यास लागणारा वेळ हाही थराराचाच भाग होता.

पुढल्याच वर्षी, 1960 साली, सांगली जिल्ह्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले, आणि 1964 साली कवठेपिरानचे मारुती माने. या दोघांनी 1962 च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळविले. कृष्णा-वारणेच्या खोऱ्याने पाच-सहा वर्षांत एवढे दिल्यावर या भागातल्या माणसाला कुस्तीखेरीज अन्य खेळाचा शेवट फिका वाटला, तर त्याला दोष कसा द्यावा?

बेळगावच्या वाट्याला अशी एक घटका 1977 साली आली. दिल्लीचा सतपाल हा त्या वेळी देशातला बहुधा सर्वांत नामांकित मल्ल. पुढे 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारा आणि त्याहीनंतर सुशीलकुमारसारखे शिष्य घडविणारा. त्याच्यासमोर उभा राहिला लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचा हरिश्चंद्र बिराजदार, 1969 चा महाराष्ट्र केसरी, कोल्हापूरच्या तालमीत तयार झालेला. बिराजदारांनी सतपालला बेळगावात हरविले. ज्यांनी ते मैदान पाहिले ते आता म्हातारे झाले आहेत, पण त्यांच्यापुढे बिराजदारांचे नाव काढून पाहावे. माणूस बसल्या जागी उठून उभा राहतो, हाताने पकड दाखवू लागतो, आणि दरवेळी डाव थोडासा बदललेला असतो. साखळी स्पर्धेतल्या विजयाची अशी आठवण सांगताना सहसा कोणी उभे राहत नाही.

तथापि निर्णायक फेरीचा सर्वांत कडू घोट मराठी कुस्तीने घेतला तो या मातीपासून फार दूर, हेलसिंकी येथे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. 1952 च्या स्पर्धेस जाण्यासाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. खाशाबा गेले, कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी यांच्या मल्लांना हरवून शेवटच्या तिघांत पोहोचले. तेथे जपानचा इशी आणि रशियाचा मामेदबेकोव्ह हे दोघे होते. एक दीर्घ कुस्ती संपते न संपते तोच त्यांना दुसरीस उभे राहावयास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. तो नियम सांगावयास, हात वर करून 'थांबा' म्हणावयास, तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेला माणूस पुन्हा गादीवर गेला. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडच्या स्थानकावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी पुढे स्वतः कुस्त्या खेळून पैसे जमविले आणि खर्डेकरांचे घर सोडवून दिले.

या प्रसंगाकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट उघड होते. शेवटच्या फेरीत माणूस फक्त प्रतिस्पर्ध्याशी लढत नसतो. तो वेळापत्रकाशी लढत असतो, पंचाशी, थकव्याशी, आपल्याबरोबर कोण आले आहे आणि कोण आले नाही याच्याशी लढत असतो. प्रेक्षकाला जो थरार वाटतो त्यात या साऱ्याचा वाटा असतो, आणि तो नेहमीच न्याय्य नसतो.

आता क्रिकेटकडे वळू. 2008 साली सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगने आरंभी साधी उपांत्य फेरी ठेवली होती. 2011 पासून तिने एक शहाणपणाची रचना स्वीकारली. साखळीत पहिल्या दोन क्रमांकांवर असलेले संघ आपसांत खेळतात आणि जिंकणारा थेट अंतिम सामन्यास जातो. हरणारा मात्र घरी जात नाही. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या लढतीतल्या विजेत्याशी खेळून त्याला आणखी एक संधी मिळते. वर्षभराच्या मेहनतीचे हे एक प्रकारचे व्याज. जत्रेतल्या मल्लाला हे व्याज कधीच मिळाले नाही.

याच रचनेने 2017 साली मराठी प्रेक्षकांना एक विलक्षण शेवट दाखविला. मुंबई पहिली आणि पुणे दुसरे. साखळीतले दोन्ही सामने पुण्याने जिंकलेले. पहिल्या पात्रता सामन्यात वानखेडे मैदानावर पुण्याने मुंबईला तिसऱ्यांदा हरविले, वीस धावांनी. व्याजावरची संधी घेऊन मुंबई कोलकात्याला नमवून पुन्हा पुण्यासमोर आली. 21 मे रोजी हैदराबादेत मुंबईचे सात गडी 79 धावांत गेले, आणि कृणाल पंड्याच्या 47 धावांमुळे कसाबसा 129 चा आकडा गाठला गेला. पुण्याला शेवटच्या षटकात अकरा धावा हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर चौकार गेला, त्यानंतर लागोपाठ दोन गडी गेले, त्यांत अर्धशतक केलेला कर्णधार स्मिथ होता. शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना तिसरी धाव घेताना फलंदाज धावचीत झाला. पुणे 128. चार वेळा गाठ पडली, तीन वेळा पुण्याने जिंकली, आणि एक धाव कमी पडली म्हणून चषक मुंबईस गेला. श्रेष्ठ कोण, या प्रश्नाचे उत्तर पुणेकर एक देतील आणि मुंबईकर दुसरे. पुण्याला परतफेड करण्याची संधीही मिळाली नाही, कारण तो संघ दोनच हंगामांसाठी अस्तित्वात होता. हंगाम संपला आणि संघही संपला. दोनच वर्षांनी, 2019 साली, त्याच हैदराबादेत मुंबईने चेन्नईला पुन्हा एका धावेनेच हरविले, तेव्हा पुण्याच्या जुन्या चाहत्यांना थोडेसे समाधान वाटले असल्यास ते मानवी स्वभावास धरूनच आहे.

जुने क्रिकेटरसिक या वीस षटकांच्या थरारास थरार मानीत नाहीत. ते 1991 च्या मे महिन्यातल्या रणजी अंतिम सामन्याकडे बोट दाखवितात. वानखेडेवर कपिलदेवच्या हरयाणाविरुद्ध मुंबईला शेवटच्या दिवशी 355 धावा हव्या होत्या. तीन गडी 34 धावांत गेले. तरुण तेंडुलकरने 96 धावांची झंझावाती खेळी केली, आणि दिलीप वेंगसरकर एका टोकाला शेवटपर्यंत उभा राहिला. अखेरचा गडी अबे कुरुविला. तो धावचीत झाला तेव्हा मुंबईच्या 352 धावा झाल्या होत्या आणि वेंगसरकर 139 वर नाबाद होता. दोन धावांनी सामना गेला. वेंगसरकर मैदानातच रडला. त्या काळी रणजीच्या खेळाडूस मिळणारा पैसा आजच्या लीगच्या तुलनेत नगण्यच. व्यावसायिकतेच्या काटेकोर व्याख्येत हा सामना बसत नसेलही. परंतु चार दिवसांचा भार एका शेवटच्या षटकावर येऊन पडतो, तेव्हा त्या भाराचे वजन वीस षटकांनी निर्माण करता येत नाही, हे या पक्षाचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे.

कबड्डीची गोष्ट निराळी. 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि गल्लीबोळातला, अंगणातला हा खेळ दिव्यांच्या झगमगाटात आला. पूर्वीच्या चिखलमातीच्या कबड्डीचे चाहते या झगमगाटाला नाके मुरडतात. असे असले तरी नव्या नियमांनी शेवटच्या पाच मिनिटांना जी धार आणली आहे ती नाकारता येत नाही. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे चढाईत वेळ काढण्याचा मार्गच बंद. गामापुढे पालथ्या पडलेल्या झिबिस्कोला या नियमाने उठविले असते! 2022 च्या फेब्रुवारीत बंगळुरू येथे दिल्लीने पाटण्याला 37-36 असे एका गुणाने हरविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्याचा पुणेरी पलटण संघ मुंबईतल्या अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली हरयाणाला 28-25 असे नमवून विजेता झाला. कबड्डीचा गुण ही डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आहे. हात रेषेला लागला की नाही, एवढेच पाहावयाचे. कुस्तीतल्या पाठीच्या जवळ जाणारा हा एकमेव सांघिक खेळ म्हणता येईल.

परदेशांत याच्या नेमकी उलट रीत रुजली आहे. अमेरिकेतील बेसबॉलची अंतिम मालिका 1903 पासून चालत आली असून, आता सातांपैकी चार सामने जिंकणारा विजेता ठरतो. बास्केटबॉल आणि बर्फावरील हॉकी यांतही अशाच सातांच्या मालिका असतात. या रीतीत एका वाईट दिवसाने वर्ष वाया जात नाही. न्यायाच्या बाजूने पाहिल्यास ही सर्वांत समतोल रचना. पण तिचा बहुतांश काळ सावकाश जातो, आणि खरी मौज फक्त तीन-तीन बरोबरी होऊन सातवा सामना आला तरच. 2016 साली तसे घडले. शिकागोचा कब्ज संघ 1908 नंतर एकदाही जिंकलेला नव्हता. त्याचा प्रतिस्पर्धी क्लीव्हलँड 1948 नंतर जिंकलेला नव्हता. कब्ज एक-तीन असा मागे पडला, तीन-तीनवर आला, सातव्या सामन्यात बरोबरी झाली, आणि मध्येच पाऊस आला. पावसानंतरच्या दहाव्या डावात कब्जने 8-7 असा सामना जिंकला. एकशेआठ वर्षांच्या प्रतीक्षेचा शेवट! मात्र असे शेवट शंभर वर्षांत एखादाच पदरात पडतात, बाकीच्या मालिका चौथ्या-पाचव्या सामन्यातच गार झालेल्या असतात.

कुस्तीनेही नव्या काळाशी तडजोड केली आहे. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता शेवटी समोरासमोर येतात, ही रचना मोठी मार्मिक आहे. जणू जुन्या आणि नव्या कुस्तीचीच गाठ. 2022 च्या एप्रिलमध्ये साताऱ्यात कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने मागे पडल्यानंतरही विशाल बनकरवर 5-4 अशी मात केली आणि एकवीस वर्षांनी गदा कोल्हापुरात आणली. परंतु गुण आले की पंच आला, आणि पंच आला की तंटा आला. 2023 च्या जानेवारीत पुण्यातल्या स्पर्धेत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद झाला. डाव बसला की नाही, हे लोक भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पुन्हापुन्हा पाहत राहिले. 2025 साली अहिल्यानगरात पंचाच्या निर्णयावरून मैदानातच जो अनिष्ट प्रकार घडला तो सर्वश्रुत आहे. पाठ टेकण्याचा निकाल सर्वांना एकदम दिसतो. चार गुणांचा निकाल पंचाला दिसतो, आणि इतरांनी तो मान्य करावयाचा असतो. खासबागेच्या बांधणीमागचा विचार येथे हरवतो.

म्हणून या वादात कौल द्यावयाचाच झाला, तर तो निकाली कुस्तीच्याच बाजूने द्यावा लागेल. मात्र सर्वच निकाली कुस्त्यांच्या बाजूने नव्हे. दोघेही हरावयास तयार आहेत, दोघांमागे आपापला मुलूख उभा आहे, आणि दुसरी संधी कोणालाच नाही, अशा एखाद्याच कुस्तीच्या बाजूने. शंभरांत अशी एक असते. उरलेल्या नव्व्याण्णवांपेक्षा कबड्डीची शेवटची पाच मिनिटे केव्हाही बरी, आणि हे कबूल करण्यात कुस्तीशौकिनाने कमीपणा मानू नये. क्रिकेटचा क्रमांक त्यानंतर. सात सामन्यांची अमेरिकन मालिका न्यायाच्या पंगतीत पहिली बसेल, थराराच्या पंगतीत तिला उशिरा वाढावे लागेल.

श्रीपती खंचनाळे 14 डिसेंबर 2020 रोजी कोल्हापुरात निवर्तले. खासबागेच्या रंगमंचाला आणि त्याला लागून असलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री लागलेल्या आगीच्या ज्वाळा पाहून शहरातली म्हातारी माणसे रस्त्यात उभी राहून रडली. मातीचे रिंगण मात्र आगीच्या पलीकडचे होते.

राहता राहिली लंडनची ती न सुटलेली कुस्ती. गामा 1910 नंतर हिंदुस्थानात परतला, असंख्य मल्लांना त्याने हरविले, पण झिबिस्कोचा हिशेब तसाच होता. 1928 साली पतियाळाच्या महाराजांनी तो घडवून आणला. झिबिस्को समुद्र ओलांडून आला. आता दोघेही पन्नाशीच्या आसपासचे. प्रचंड जनसमुदाय जमला होता. या वेळी रिंगण मातीचे होते आणि पालथे पडावयास झिबिस्कोला सवडच मिळाली नाही. हात मिळवल्यापासून एक मिनिट पुरे व्हावयाच्या आत त्याची पाठ मातीला लागली. जे अडीच तासांत झाले नव्हते आणि ज्यासाठी अठरा वर्षे थांबावे लागले होते, ते पाहावयास लांबून आलेल्या कित्येकांना बसावयास जागा मिळण्यापूर्वीच संपून गेले.